एकाच पोर्टवर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ : दुसऱ्या सॉकेटचे बाइंड का नाकारले जाते?

संकलन७१०० (प्रश्न)

नमस्कार. दूध संकलन केंद्रांकडून नोंदी स्वीकारणारा एक जुना सर्व्हर प्रोग्राम गेली काही वर्षे माझ्याकडे देखभालीसाठी आहे. तो सी भाषेत, लिनक्ससाठी लिहिलेला आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी प्रत्येक केंद्रावरचा संगणक सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) अशी एकेक ओळ टीसीपीवरून पाठवतो आणि आमचा प्रोग्राम ७१०० या पोर्टवर ती घेऊन डेटाबेसमध्ये टाकतो. प्रोग्राम लिहिला गेला तेव्हा आयपीव्ही६चा, म्हणजे आयपीव्ही४नंतर आलेल्या लांब पत्त्यांच्या पद्धतीचा, विचार कोणी केलेला नव्हता. सॉकेट (प्रोग्रामला जाळ्याशी जोडणारे टोक) एएफ_आयनेट, म्हणजे आयपीव्ही४ प्रकारचे आणि पत्ता ०.०.०.०, म्हणजे यंत्राचे सगळे आयपीव्ही४ पत्ते, एवढाच सगळा मामला होता.

आता हा प्रोग्राम बदलणे भाग पडले आहे. ज्यांच्याकडून आम्ही सर्व्हर भाड्याने घेतो त्यांनी सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी दरमहा वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली आहे, आयपीव्ही६ पत्ता मात्र विनामूल्य आहे. शिवाय बरीच केंद्रे ब्रॉडबँड सोडून मोबाइल सिमच्या राउटरवर आली असून त्यांना मिळणारा सार्वजनिक पत्ता आता आयपीव्ही६चाच असतो. सगळ्या केंद्रांवरची यंत्रणा एका दिवसात बदलणे शक्य नसल्यामुळे निदान काही वर्षे एकाच प्रोग्रामने दोन्ही प्रकारच्या जोडण्या स्वीकारायला हव्यात.

मी असे केले : आधीचे सॉकेट तसेच ठेवले आणि शेजारी एएफ_आयनेट६ प्रकारचे दुसरे सॉकेट उघडून ते त्याच पोर्टवर '::' या पत्त्याला बाइंड करण्याचा, म्हणजे बांधण्याचा, प्रयत्न केला. पहिले बाइंड यशस्वी होते आणि दुसऱ्याला 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी त्रुटी येते. क्रम उलटा केला तर आयपीव्ही६चे सॉकेट उघडते आणि आयपीव्ही४ला तीच त्रुटी येते. पत्ता पुन्हा वापरू देणारा एसओ_रीयूजॲड्र हा पर्याय दोन्हींना लावलेला आहे आणि त्या पोर्टवर दुसरा कोणताही प्रोग्राम नाही, याची मी खात्री केली आहे.

मला सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट पुढची आहे. माझ्या सहकाऱ्याच्या फ्रीबीएसडीवर हाच कोड एक अक्षरही न बदलता व्यवस्थित चालतो. इकडे लिनक्सवर मी कंटाळून आयपीव्ही४चे सॉकेट काढूनच टाकले, तर आयपीव्ही४वाली केंद्रेही जोडली जाऊ लागली. परंतु उघडी सॉकेटे दाखवणाऱ्या नेटस्टॅटच्या यादीत फक्त 'टीसीपी६' अशी ओळ दिसते. तोच बदल आमच्या चाचणीच्या विंडोज संगणकावर नेल्यावर आयपीव्ही४ची जोडणी साफ नाकारली गेली. तीन ठिकाणी तीन तऱ्हा का, आणि यातली भरवशाची रीत कोणती, हे कोणी समजावून सांगेल का?

तारायंत्री

आपल्या तिन्ही निरीक्षणांच्या मागे एकच सॉकेट पर्याय आहे. त्याचे नाव आयपीव्ही६_व्ही६ओन्ली. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या आरएफसी या मालिकेतल्या, फेब्रुवारी २००३च्या आरएफसी ३४९३मध्ये आयपीव्ही६साठीच्या सॉकेटच्या रीती सांगितल्या आहेत, त्यात हा पर्याय येतो. तो चालू असेल तर आयपीव्ही६चे सॉकेट केवळ आयपीव्ही६च्या जोडण्या घेते. तो बंद असेल आणि सॉकेट '::' या सर्वसमावेशक पत्त्याला बाइंड केलेले असेल, तर तेच सॉकेट त्या पोर्टवरच्या आयपीव्ही४ जोडण्याही घेते. म्हणजे '::' म्हणजे 'आयपीव्ही६चे सगळे पत्ते' की 'दोन्हींचे सगळे पत्ते', हे या एका पर्यायावर ठरते.

आरएफसीने हा पर्याय सुरुवातीला बंद असावा असे म्हटले आहे आणि लिनक्स ते पाळते. त्यामुळे आपण ०.०.०.०:७१०० घेतल्यानंतर '::'वर ७१०० मागता, तेव्हा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, दृष्टीने आपण आयपीव्ही४चा तोच पोर्ट दुसऱ्यांदा मागत असता. दुसरा कोणताही प्रोग्राम आड येत नाही, आपलीच दोन सॉकेटे एकमेकांच्या आड येतात. एसओ_रीयूजॲड्रचा येथे उपयोग नाही, कारण पहिले सॉकेट ऐकण्याच्या स्थितीत गेले की तो पर्याय लिनक्सवर ही टक्कर सोडवत नाही. फ्रीबीएसडीने सुरक्षिततेच्या कारणाने मुळातला पर्याय चालू ठेवला आहे, म्हणून तेथे दोन्ही सॉकेटे सुखाने शेजारी नांदतात. विंडोजवर व्हिस्टापासून दोन्हींची एकत्र सोय आहे, पण पर्याय मुळात चालू असतो आणि तो आपल्याला हाताने बंद करावा लागतो. त्याआधीच्या एक्सपीवर ही सोयच नव्हती. ओपनबीएसडी याबाबत सर्वांत कडक आहे, कारण तेथे तो नेहमी चालूच असतो आणि बंद करता येत नाही.

लिनक्सवरही मुळातली स्थिती प्रशासकाला बदलता येते. प्रॉक फाइलप्रणालीत सिस, मग नेट, मग आयपीव्ही६, त्याखाली 'बाइंडव्ही६ओन्ली' नावाची फाइल आहे, तिच्यात सहसा ० असतो. कोणी तेथे १ लिहिला की आपला एका सॉकेटवर चालणारा प्रोग्राम त्या यंत्रावर आयपीव्ही४ला बहिरा होईल आणि कोणतीही त्रुटी दिसणार नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की मुळातल्या स्थितीवर कधीच विसंबू नये. आयपीव्ही६चे सॉकेट तयार केल्यावर आणि बाइंड करण्याआधी, सेटसॉकऑप्टने हा पर्याय ० किंवा १ असा स्पष्टपणे ठरवावा. बाइंड झाल्यानंतर तो बदलता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

नेटस्टॅटमध्ये केवळ 'टीसीपी६' दिसणे हे भीतीचे कारण नाही. सॉकेट आयपीव्ही६च्या घराण्यातले असल्यामुळे ते तसे दाखवले जाते, मग ते आयपीव्ही४ही घेत असो वा नसो. नेटस्टॅटऐवजी एसएस हे साधन वापरल्यास फरक उघड दिसतो : दोन्ही घेणारे सॉकेट '*:७१००' असे आणि फक्त आयपीव्ही६ घेणारे '[::]:७१००' असे छापले जाते.

आपल्या कामासाठी मी एकच सॉकेट आणि पर्याय ० हे सुचवीन. कोडमध्ये बदल सर्वांत कमी आणि ॲक्सेप्टचा, म्हणजे आलेल्या जोडण्या स्वीकारण्याचा, लूप एकाच ठिकाणी.

दोनदारे

वरील कारणमीमांसा अचूक आहे. शेवटच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही, आणि हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नाही.

एकाच सॉकेटने दोन्ही घेतले की आयपीव्ही४वरून आलेल्या केंद्राचा पत्ता आपल्या प्रोग्रामला १९२.०.२.१० असा दिसत नाही, तर '::एफएफएफएफ:१९२.०.२.१०' असा दिसतो. तारेवरून जाणारी पाकिटे शुद्ध आयपीव्ही४चीच असतात, हे रूपांतर केवळ कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातले आहे. पण त्याचे परिणाम प्रोग्रामभर पसरतात. नोंदवहीतले पत्ते बदलतात, परवानगीच्या याद्या जुळेनाशा होतात आणि 'हा पत्ता आयपीव्ही४ आहे का' या साध्या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी दोन प्रकारे द्यावे लागते. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या बंदीच्या यादीत १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हा पट्टा असेल आणि तुलना करणारा कोड हे दुहेरी रूप ओळखत नसेल, तर बंदी घातलेला माणूस राजरोस आत येतो. ओपनबीएसडीने हे रूप मुळातच नाकारले आहे, त्यामागे हीच शंका आहे.

म्हणून दोन सॉकेटे उघडावीत, आयपीव्ही६च्या सॉकेटवर पर्याय १ ठेवावा आणि दोन्ही पोलने, म्हणजे अनेक सॉकेटांवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या फलनाने, एकत्र ऐकावीत. आपण हेच करत होता, फक्त ती एक ओळ राहिली होती. ती घातली की लिनक्स, फ्रीबीएसडी, विंडोज आणि ओपनबीएसडी या चारही ठिकाणी वागणूक एकसारखी होते. एनजिन्क्ससारख्या मोठ्या वापराच्या वेबसर्व्हरनेही हाच मार्ग धरला आहे. १.३.४ आवृत्तीच्या आधी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्थितीवर विसंबत असे आणि तेव्हापासून आयपीव्ही६चे सॉकेट मुळातच वेगळे ठेवतो.

लिहिताना पत्त्याचे घराणे हाताने लिहू नये. नावावरून पत्ते शोधून देणाऱ्या गेटॲड्रइन्फो या फलनाला यजमानाचे नाव रिकामे, पोर्ट '७१००', घराणे 'अनिर्दिष्ट' आणि एआय_पॅसिव्ह ही खूण द्यावी, म्हणजे ते ऐकण्यायोग्य पत्त्यांची साखळी परत देते. लिनक्सवर तिच्यात बहुधा ०.०.०.० आधी आणि '::' नंतर येतो, पण क्रमावर काही अवलंबून ठेवू नये. साखळीतल्या प्रत्येक पत्त्यासाठी सॉकेट उघडावे, घराणे आयपीव्ही६ असेल तर पर्याय १ करावा, बाइंड आणि लिसन करून यादीत टाकावे. पुष्कळ पाठ्यपुस्तकी उदाहरणांत पहिले यश मिळताच लूपमधून बाहेर पडतात. ती रीत क्लायंटसाठी ठीक आहे, परंतु सर्व्हरमध्ये तीच नक्कल केल्यामुळे फक्त आयपीव्ही४ ऐकणारे आणि तरीही 'आयपीव्ही६साठी तयार' म्हणवणारे प्रोग्राम मी अनेक पाहिले आहेत.

अपयशाचा विचार दोन पातळ्यांवर करावा. काही यंत्रांवर कर्नलमध्ये आयपीव्ही६ पूर्ण बंद केलेले असते, तेथे सॉकेट उघडतानाच 'घराणे उपलब्ध नाही' अशी त्रुटी येते. ती नोंदवून पुढे जावे आणि एकही सॉकेट न उघडल्यासच प्रोग्राम थांबवावा. 'पत्ता वापरात आहे' ही त्रुटी मात्र अशी गिळू नये, कारण मग अर्धा सर्व्हर चालू राहतो आणि दुसरा अर्धा बंद असल्याचे महिनाभर कोणाला कळत नाही.

एक बारकावा राहिला. पोलने 'जोडणी आली' असे सांगणे आणि आपण ॲक्सेप्ट करणे यांच्या दरम्यान समोरचा निघून गेला, तर साधे सॉकेट ॲक्सेप्टवर अडकून बसते आणि तेवढा वेळ दुसऱ्या दाराकडे पाहायला कोणी नसते. म्हणून दोन्ही ऐकणारी सॉकेटे न अडकणारी, म्हणजे नॉनब्लॉकिंग करावीत.

तारायंत्री

परवानगीच्या यादीचा मुद्दा मला मान्य आहे. पत्त्यांवरून निर्णय घेणारा प्रोग्राम असेल तर दोन सॉकेटेच बरी. तरीही एकाच सॉकेटची रीत सरसकट मागासलेली ठरवू नये. गो भाषेत यजमान न देता केवळ पोर्टवर ऐकायला सांगितले की ती प्रणाली पाहून दोन्ही प्रकार एकत्र घेते आणि आयपीव्ही४चा पत्ता छापताना तो साध्या रूपातच दाखवते. पायथनमध्ये ३.८पासून क्रिएट_सर्व्हर या फलनाला 'ड्युअलस्टॅक_आयपीव्ही६' असा पर्याय देता येतो आणि प्रणालीला ते जमते का, हे आधी विचारण्यासाठी वेगळे फलनही आहे. अशा भाषांत दुहेरी रूपाची काळजी बरीचशी भाषेसोबतची लायब्ररी घेते, सी भाषेत मात्र ती आपल्यावर पडते.

संकलन७१००

दोघांचेही आभार. ती एक ओळ घातल्यावर दोन्ही सॉकेटे उघडली आणि विंडोजवरही उत्तर आले. दोनदारे यांनी सांगितलेला धोका मी दुर्दैवाने आधीच अनुभवला होता, पण त्याचे कारण मला आज समजले. चाचणीच्या यंत्रावर परवानगीची यादी बंद असल्यामुळे एकच सॉकेट तेथे छान चालले. त्याच भरवशावर ते एका सकाळी खऱ्या सर्व्हरवर ठेवले, तर आमच्या यादीत '१९२' किंवा '१०३' अशा आकड्यांनी सुरू होणारे पत्ते आणि येणारा प्रत्येक पत्ता '::एफएफएफएफ'ने सुरू होणारा. झाडून सारी केंद्रे नाकारली गेली. किटल्या घेऊन रांगेत उभे राहिलेल्या सभासदांना पावती मिळेना, आणि केंद्रचालकांनी ती सकाळ वहीवर लिहून काढली.

आता पुढची अडचण अशी आहे की आमच्या तक्त्यात पत्त्याचा रकाना १५ अक्षरांचा आहे. आयपीव्ही६वरून आलेल्या पहिल्याच केंद्राचा पत्ता अर्धवट कापून साठवला गेला. तो ३९ अक्षरांचा केला म्हणजे पुरेल का? आणि केंद्र ओळखण्यासाठी आम्ही पत्ताच वापरतो, त्याचे काय करावे?

खातेवही

रकान्याचे उत्तर आधी देतो. आठ गटांचा पूर्ण लिहिलेला आयपीव्ही६ पत्ता ३९ अक्षरांचा होतो हे खरे, परंतु शेवटचे ३२ बिट आयपीव्ही४च्या धाटणीने लिहिले तर लांबी ४५ होते. सी भाषेतला शेवटचा शून्य बाइट धरून ४६. आयनेट६_ॲड्रस्ट्रलेन या स्थिरांकाची किंमत ४६ का, ते यावरून कळेल. आयपीव्ही४साठीचा तसाच स्थिरांक १६ आहे आणि आपला १५ अक्षरांचा रकाना तेथूनच आला असणार. परंतु माझ्या मते अक्षरे साठवूच नयेत. एकच आयपीव्ही६ पत्ता अनेक प्रकारे लिहिता येतो : '२००१:डीबी८:०:०:०:०:०:१' आणि '२००१:डीबी८::१' हे एकच आहेत, आणि कोणी मोठ्या लिपीत लिहितो, कोणी छोट्या. ऑगस्ट २०१०च्या आरएफसी ५९५२ने लिहिण्याची एक शिस्त घालून दिली आहे, पण ती पाळणारा माणूस प्रत्येक वेळी समोर असेलच असे नाही. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये 'आयनेट' हा पत्त्यांसाठीचाच प्रकार आहे, तो दोन्ही घराणी साठवतो आणि अमुक पत्ता अमुक पट्ट्यात येतो का, हेही सांगतो. मायएसक्यूएल असेल तर १६ बाइटांचा द्विमान (बायनरी) रकाना आणि आयनेट६_एटॉन हे फलन वापरावे.

असाच दोष प्रोग्रामच्या आतही शोधावा. ॲक्सेप्टला पत्ता ठेवण्यासाठी दिलेली जागा सॉकॲड्र_इन प्रकारची असेल तर ती १६ बाइटांची असते आणि आयपीव्ही६चा पत्ता २८ बाइटांचा असतो. कर्नल पत्ता मुकाट्याने कापून देतो, त्रुटी देत नाही. येथे सॉकॲड्र_स्टोरेज वापरावे, ते कोणत्याही घराण्याला पुरते. आयनेट_एनटोआ, आयनेट_ॲड्र आणि गेटहोस्टबायनेम ही तीन नावे कोडमध्ये शोधून काढावीत. ती जेथे सापडतील तेथे आयपीव्ही४ गृहीत धरलेले आहे असे समजावे आणि त्यांच्या जागी गेटनेमइन्फो, आयनेट_पीटॉन आणि गेटॲड्रइन्फो आणावीत. शेवटी 'यजमान:पोर्ट' असे लिहिलेली सेटिंगची फाइल वाचणारा कोड पाहावा. पहिल्या अपूर्णविरामावर (:) तुकडे करणारा कोड आयपीव्ही६च्या पत्त्याचा चुराडा करतो. त्यासाठीच वेबच्या पत्त्यांत '[२००१:डीबी८::१]:७१००' असे चौकटी कंस घालण्याची रीत आहे, तीच आपणही स्वीकारावी.

आता ओळखीचा प्रश्न. पत्त्यावरून केंद्र ओळखणे आयपीव्ही४च्या काळातही डळमळीत होते आणि आता ते सोडूनच द्यावे लागेल. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४वर अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यासाठी १००.६४.०.०पासूनचा एक वेगळा पट्टाही २०१२मध्ये राखून ठेवण्यात आला. म्हणजे तेथे एका पत्त्यामागे अनेक केंद्रे असू शकतात. आयपीव्ही६वर नेमके उलटे होते. एका केंद्राच्या राउटरला निदान ६४ बिटांचा एक पट्टा मिळतो आणि त्यातला संगणक गोपनीयतेसाठी आपला पत्ता अधूनमधून स्वतःच बदलतो. अशा बदलत्या पत्त्यांची सोय आधी २००७च्या आरएफसी ४९४१मध्ये होती, २०२१पासून तिची जागा आरएफसी ८९८१ने घेतली आहे. तेव्हा मर्यादा घालायची झाल्यास, उदाहरणार्थ एका मिनिटात इतक्याच जोडण्या, तर ती आयपीव्ही६साठी पूर्ण पत्त्यावर न घालता पहिल्या ६४ बिटांवर घालावी. नाहीतर एकाच केंद्रातून कोणीही रोज नवा चेहरा घेऊन येईल. ओळख मात्र टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या रीतीतल्या क्लायंट प्रमाणपत्राने किंवा किमान केंद्रनिहाय गुप्त किल्लीने पटवावी. सभासदाच्या पैशांचा हिशेब ज्या ओळीवर होतो ती ओळ केवळ पत्त्याच्या भरवशावर स्वीकारणे मला तरी धाडसाचे वाटते.

उलटतपासणी

सर्व्हरवर बरीच चर्चा झाली, केंद्रावरच्या क्लायंटकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

केंद्रावरच्या प्रोग्राममध्ये सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहिलेला आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. भारतातल्या मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६चा वापर मोठा आहे. सप्टेंबर २०१६मध्ये सुरू झालेल्या जिओचे जाळे सुरुवातीपासूनच आयपीव्ही६वर उभे आहे आणि गूगलच्या मोजणीत भारतातले निम्म्याहून अधिक वापरकर्ते आयपीव्ही६वरून येतात. केवळ आयपीव्ही६ देणाऱ्या जाळ्यात जुन्या प्रोग्रामांसाठी ४६४एक्सलॅट नावाची दुहेरी रूपांतराची सोय असते, म्हणून आकड्यांत लिहिलेला आयपीव्ही४ पत्ताही बहुतेक फोनवर चालून जातो. पण ती सोय फोनच्या किंवा राउटरच्या आत असावी लागते आणि स्वस्तातल्या प्रत्येक राउटरमध्ये ती असेलच असे नाही. जेथे केवळ नॅट६४ (आयपीव्ही६ची जोडणी आयपीव्ही४कडे नेणारे रूपांतर) आणि डीएनएस६४ (त्यासाठी नावाला आयपीव्ही६ पत्ता देणारी सोय) आहे, तेथे नाव विचारणारा प्रोग्राम चालतो आणि आकडे विचारणारा पडतो. ॲपलने १ जून २०१६पासून ॲप स्टोअरमध्ये येणारी ॲप केवळ आयपीव्ही६च्या जाळ्यावर चाललीच पाहिजेत अशी अट घातली, ती याच कारणाने.

तेव्हा क्लायंटने नाव घ्यावे, गेटॲड्रइन्फोकडून पत्त्यांची यादी घ्यावी आणि एक पत्ता फसला तर पुढचा पाहावा. येथे एक मोठी गोम आहे. आयपीव्ही६चा मार्ग मध्येच कोठेतरी तुटलेला असेल तर जोडणी लगेच नाकारली जात नाही, ती लटकून राहते, आणि लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगवर कनेक्टला हार मानायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात वजनकाट्यासमोर उभा असलेला माणूस कंटाळून जातो. ब्राउझरांनी यावर काढलेला उपाय 'हॅपी आयबॉल्स' या गमतीशीर नावाने ओळखला जातो. २०१२मध्ये आरएफसी ६५५५ म्हणून तो आला आणि २०१७मध्ये आरएफसी ८३०५ने सुधारला गेला. पहिल्या पत्त्यावर जोडणी सुरू करावी, २५० मिलिसेकंदांत उत्तर आले नाही तर पहिली न सोडता दुसऱ्या पत्त्यावरही सुरू करावी, जी आधी जुळेल ती ठेवावी आणि दुसरी मोडावी. केंद्रावरच्या छोट्या प्रोग्रामला एवढे करणे जमत नसेल, तर प्रत्येक प्रयत्नाला तीन-चार सेकंदांची मर्यादा घालणे हा किमान उपाय आहे.

याच कारणाने कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. डीएनएसमध्ये, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेत, आयपीव्ही६चा पत्ता, म्हणजे चार 'ए'ची नोंद, सर्वांत शेवटी घालावी. ती दिसताच नवे क्लायंट आधी आयपीव्ही६नेच येऊ लागतील, आणि त्या वेळी सर्व्हरचे फायरवॉल तयार नसेल तर सगळी केंद्रे एकदम मंद होतील. लिनक्सच्या फायरवॉलमधले, म्हणजे आयपीटेबल्समधले, नियम आयपीव्ही६ला लागू होत नाहीत, त्यासाठी आयपी६टेबल्स वेगळे आहे. एनएफटेबल्समध्ये 'आयनेट' प्रकारचा तक्ता केल्यास एकच नियम दोन्हींना लागतो. याची दुसरी बाजूही तपासावी : आयपीव्ही४वर बंद ठेवलेला डेटाबेसचा पोर्ट आयपीव्ही६वरून जगाला उघडा तर नाही ना? आणि आयसीएमपीव्ही६ (जाळ्यातल्या अडचणींचे निरोप पोहोचवणारी रीत) सरसकट अडवू नये. आयपीव्ही६मध्ये वाटेतले राउटर पाकीट तोडत नाहीत, 'पाकीट फार मोठे आहे' असा निरोप मागे पाठवतात. तो निरोप अडला तर जोडणी होते, छोट्या ओळी जातात आणि दिवसभराचा मोठा गोषवारा पाठवताना सगळे थिजते. हा दोष शोधायला मला स्वतःला एकदा तीन दिवस लागले होते, म्हणून जरा जोर देऊन लिहितो आहे.

चाचणीसाठी एनसी आणि कर्ल या दोन्ही साधनांना -४ आणि -६ असे पर्याय आहेत. प्रथम त्याच यंत्रावरून १२७.०.०.१ आणि '::१', मग बाहेरच्या यंत्रावरून दोन्ही, आणि शेवटी कर्नलमध्ये आयपीव्ही६ पूर्ण बंद करून एकदा, असे तिन्ही प्रसंग पाहावेत. शेवटचा प्रसंग बहुतेक जण वगळतात.

संकलन७१००

आठवडाभराने परत येत आहे. रकाना बदलला, सॉकॲड्र_स्टोरेज आणले, केंद्रनिहाय किल्ल्या वाटायला सुरुवात केली आणि फायरवॉलमध्ये खरोखरच डेटाबेसचा पोर्ट आयपीव्ही६वरून उघडा सापडला, तो बंद केला. डीएनएसची नोंद काल रात्री घातली. आज सकाळच्या संकलनात ज्या केंद्रांकडे आयपीव्ही६ आहे ती त्यावरूनच आली आणि उरलेली पूर्वीप्रमाणे आली.

एकच गोष्ट उरली आहे. सर्व्हरवर दोन आयपीव्ही६ पत्ते असून त्यांतला एकच या कामासाठी ठेवायचा आहे, म्हणून मी '::'ऐवजी तो ठरावीक पत्ता सेटिंगमध्ये लिहिला. हाताने प्रोग्राम सुरू केला की तो चालतो, परंतु यंत्र पुन्हा सुरू केल्यावर आयपीव्ही६चे बाइंड 'हा पत्ता देता येत नाही' असे म्हणून फसते. आयपीव्ही४च्या ठरावीक पत्त्याबाबत असे कधी झाले नव्हते.

दोनदारे

यंत्र सुरू होताना आयपीव्ही६चा पत्ता लगेच वापरायोग्य होत नाही. हाच पत्ता जाळ्यात दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे कर्नल आधी विचारून घेते, आणि साधारण एक सेकंदाचा तो अवधी संपेपर्यंत पत्ता 'तात्पुरता' मानला जातो. आपला प्रोग्राम नेमका त्या अवधीत बाइंड करतो. 'आयपी -६ ॲड्र' ही आज्ञा त्या क्षणी चालवल्यास पत्त्यापुढे 'टेंटेटिव्ह' असा शब्द दिसेल. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये नेटवर्क-ऑनलाइन या टप्प्यानंतर सुरू होण्याची अट घालावी, किंवा सॉकेटवर फ्रीबाइंडचा पर्याय लावावा, म्हणजे पत्ता तयार होण्याआधीही बाइंड स्वीकारले जाते. मी दुसरा मार्ग निवडीन, कारण 'जाळे तयार आहे' याचा अर्थ प्रत्येक वितरणात थोडा वेगळा लावलेला असतो.

संकलन७१००

फ्रीबाइंड लावले. यंत्र सलग चार वेळा बंद करून सुरू केले आणि चारही वेळा एसएसमध्ये दोन्ही ओळी दिसल्या. संध्याकाळचे संकलन साडेपाचला सुरू होते, तोपर्यंत आता या सर्व्हरला हात लावणार नाही.